सालदार दोन, फेऱ्या चौदा

काळ्या लाकडी ठोकळ्यांची पिशवी मी स्टीलच्या ताटात रिकामी केली. आप्पांनी त्यातला एक ठोकळा उचलला, दोन बोटांत फिरवला आणि विचारलं, "हा कोळसा? मग रेक कुठून येते?"

भुसावळजवळच्या दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात माझ्या वडिलांची, म्हणजे आप्पांची, सगळी नोकरी कोळसा हाताळणीत गेली. रेक म्हणजे कोळशाची मालगाडी, वॅगन टिपलर, कन्व्हेयर, बंकर हे शब्द मी बाराखडीच्या आधी ऐकले असतील. निवृत्त झाल्यावर पहिल्या उन्हाळ्यात ते दुपारभर कूलरसमोर बसून पेपर उलटसुलट वाचायचे. मला ते बघवेना. म्हणून पुण्याहून सुट्टीला येताना मी 'पॉवर ग्रिड' घेऊन आले. फ्रीडेमान फ्रीझं या जर्मन माणसाने केलेला पटावरचा खेळ, २००४ सालचा. प्रत्येकाची एक वीज कंपनी असते. केंद्रं लिलावात घ्यायची, कोळसा, तेल, कचरा नाहीतर युरेनियम बाजारातून विकत आणायचं, तारा ओढून शहरं जोडायची. जो शेवटी सगळ्यांत जास्त शहरं उजळवतो तो जिंकतो.

मी या खेळांत पडले ती पुण्यात, वसतिगृहाच्या मेसमध्ये, 'कटान'मुळे. क्लाउस टॉयबरचा हा १९९५ चा खेळ बहुतेकांची पहिली पायरी असतो, माझीही होता. आता मी तो फारसा काढत नाही. फासे वाईट पडले की नुसतं बसून राहावं लागतं आणि दुसऱ्यांच्या ताटात काय वाढलं जातंय ते बघावं लागतं. पण फाशांवर सगळा भार न टाकता पटावर डोकं चालवता येतं, ते सगळ्यांसमोर उघडं असतं आणि तरी डाव दर वेळी वेगळा होतो, हे मला पहिल्यांदा तिथेच कळलं. पगार सुरू झाल्यावर दर दिवाळीला एक खोकं घ्यायचं असं ठरवलं. या खेळांच्या किमती कमी नसतात, त्यामुळे एकेक खोकं विचार करूनच घेतलं जातं.

आप्पांना शिकवताना पहिल्या दुपारी मी चूक केली. नियमपुस्तिका पहिल्या पानापासून वाचत गेले. लिलाव कसा, बाजार कसा, तीन टप्पे कोणते, टप्पा बदलला की काय बदलतं. चाळीस मिनिटं मी बोलत होते. दादा फोन घेऊन ओट्यावर गेला तो परत आलाच नाही. आप्पांनी शेवटपर्यंत ऐकलं, ते नेहमीच ऐकतात, आणि म्हणाले, "उद्या बघू."

रात्री गच्चीवर झोप येईना, तेव्हा विचार केला. त्यांनी आल्या आल्या मला एकच प्रश्न विचारला होता, रेक कुठून येते. मी त्याचं उत्तर दिलंच नव्हतं. लिलाव माझ्या आवडीचा, म्हणून मी लिलावापासून सुरुवात केली होती. त्यांची आवड कोळशाची होती.

दुसऱ्या दिवशी पट उघडला आणि फक्त बाजाराची पट्टी दाखवली. काळे ठोकळे २४. एक ते आठ अशा आठ घरांत प्रत्येकी तीन. घेणारा डावीकडून, स्वस्तातला आधी उचलतो. म्हणजे पहिले तीन एकेक इलेक्ट्रोला (हे खेळातलं चलन), पुढचे तीन दोनाला. तुमच्या आधीच्या माणसाने किती उचलला यावर तुमचा भाव ठरतो. फेरी संपली की ठरावीक ठोकळे परत बाजारात येतात. "ही तुमची रेक," मी म्हटलं. आप्पा पुढे सरकले. एका केंद्रात किती साठवता येतो, त्यांनी विचारलं. एका वेळी लागतो त्याच्या दुप्पट. मग त्यांचा चेहराच बदलला. "म्हणजे पावसाळ्याआधी स्टॉक करता येतो."

पावसाळ्यात ओला कोळसा बंकरमध्ये चिकटतो, म्हणून जूनच्या आधी साठा हवा, हे आमच्या घरात लहान मुलालाही माहीत होतं. पटावर पाऊस नाही. तरीही आप्पा पहिल्या डावापासून लागतो त्याच्या दुप्पट कोळसा उचलत गेले. परिणाम असा झाला की दादाला आणि मला तोच कोळसा सहा-सात इलेक्ट्रोला घ्यावा लागला. साठवणीतून दुसऱ्याचा भाव चढवता येतो ही चाल मला पाचव्या-सहाव्या डावानंतर दिसली होती. त्यांना ती पहिल्या तासात सापडली.

या खेळातली मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट पाळीच्या क्रमाची. ज्याची शहरं सगळ्यांत जास्त, तो इंधन शेवटी घेतो आणि तारा शेवटी ओढतो. त्याच्या हाती महाग कोळसा उरतो, चांगल्या जागा गेलेल्या असतात. मागे पडलेला आधी घेतो. त्यामुळे पुढे पळणाऱ्याला दर फेरीला दम लागतो आणि कधी मुद्दाम एक शहर कमी जोडून मागे राहणं शहाणपणाचं ठरतं. आप्पांना हे पटायला वेळ लागला. काम उरलेलं असताना हात आखडता घेणं त्यांच्या स्वभावात नाही. त्या पहिल्या डावात १७ शहरं त्यांनीच आधी पूर्ण केली. तिघांच्या डावात कुणी १७ जोडली की ती शेवटची फेरी. पण त्यांची केंद्रं १४ शहरांनाच पुरेशी होती. माझी जोडलेली १६ होती आणि त्यांतली १५ उजळली. ते बराच वेळ पटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तारा ओढल्या म्हणजे लाईन येते असं थोडंच आहे. गावाकडे विचार नानाला."

एक अडचण कूलरची होती. खेळातल्या नोटा कागदी, आणि भुसावळच्या मे महिन्यात कूलर बंद करून बसणं अशक्य. दर दहा मिनिटांनी नोटा उडून शोकेसखाली जायच्या. शेवटी आईने डबे काढले. मक्याचा दाणा एकाला, चिंचोका दहाला, दोन रुपयांचं नाणं पन्नासाला. नोटा आजही खोक्यात कोऱ्या आहेत, आणि मूठभर चिंचोके समोर ओतून बोली लावण्याचा जो आवाज आहे तो मला नोटांपेक्षा आवडतो. आई स्वतः 'पॉवर ग्रिड' खेळत नाही. तिचा खेळ 'अझूल'. मिखाएल कीझलिंगचा, २०१८ साली जर्मनीचा वर्षातला उत्तम खेळ ठरलेला. रंगीत फरशा गोळा करून भिंत रचायची. शंभर फरशा, पाच रंग, प्रत्येकी वीस. शिकवायला दहा मिनिटं पुरतात. आई त्यात गोड बोलून समोरच्याच्या गळ्यात नको त्या फरशांचा ढीग घालते.

नानांचं गाव अमळनेर तालुक्यात, बोरी नदीच्या बाजूला. नाना म्हणजे आप्पांचे मोठे भाऊ. कापूस, ज्वारी, मका करतात. भुसावळहून सुरतकडच्या गाडीने जळगाव, धरणगाव करत अमळनेर, तिथून पुढे रिक्षा. पुढच्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलो तेव्हा पिशवीत 'ॲग्रिकोला' होता. ऊवे रोझेनबर्गचा, २००७ चा. माझा सगळ्यांत लाडका. हा खेळ शेतकऱ्यांच्या घरात मांडायची इच्छा मनात कधीची होती आणि भीतीही होती. सतराव्या शतकातल्या युरोपातलं शेत, त्यात मेंढ्या आणि लाकडी घर. नानांना ते पोरखेळ वाटलं तर मला वाईट वाटलं असतं.

आखाजी म्हणजे खानदेशात दिवाळीच्या तोडीचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. पितरांची घागर भरून झाली, पुरणपोळ्या पोटात गेल्या की गडीमाणसं पारावर पत्ते कुटायला बसतात. पारोळ्याची आत्याही आली होती. मी ओसरीत सतरंजीवर पट मांडला. आधीच्या वर्षीची चूक लक्षात होती, म्हणून नियम सांगायला सुरुवातच केली नाही. प्रत्येकाला एक शेताचा पट्टा दिला, त्यावर दोन खोल्यांचं लाकडी घर ठेवलं आणि गप्प बसले.

नानांनी पट्टा हातात घेतला. "हाई कोनं वावर शे?"

"तुमचंच, नाना."

"इतलुसं?"

पंधरा चौकोन, त्यांतल्या दोनांत घर, तेरा रिकामे. शेवटी जो चौकोन पडीक राहील त्याचा एक गुण वजा. पडीक जमिनीला दंड, हे त्यांना लगेच आवडलं. मग मी घरातली दोन माणसं म्हणजे दोन चकत्या दाखवल्या. मधल्या पटावर कामं लिहिलेली असतात: नांगरट, पेरणी, लाकूड आणणं, माती आणणं, मासे धरणं. पाळी आली की एक माणूस एका कामावर ठेवायचा. तिथे एकदा कुणी ठेवला की त्या फेरीत ते काम दुसऱ्याला नाही. हे सांगायला मी दोन-तीन वाक्यं जुळवत होते, तेवढ्यात आत्या म्हणाली, "सालदार."

बस्स, तेवढं पुरलं. सालदार म्हणजे वर्षभरासाठी ठरवलेला शेतगडी, आणि आमच्याकडे त्याचं वर्ष आखाजीला सुरू होतं. कोण कुणाकडे राहिला, सालाचे किती ठरले, याचे सौदे त्याच दिवसांत होतात. चांगला गडी एकाने ठरवला की दुसऱ्याने हात चोळत बसायचं. "सालदार दोन आणि फेऱ्या चौदा," नाना म्हणाले, "मग कामं मोजूनच करायला पाहिजेत." इंग्रजीत या प्रकारच्या खेळांना जे नाव आहे ते सांगून, समजावून पुण्यातल्या मित्रांना मी पाऊण तास घालवला होता.

दुसरी गोष्ट भुकेची. ती मी आता सगळ्यांत आधी सांगते. ठरावीक फेऱ्यांनंतर सुगी येते आणि घरच्या प्रत्येक माणसाला दोन घास द्यावे लागतात. न दिले तर कमी पडलेल्या प्रत्येक घासामागे एक पत्ता मिळतो, तीन गुण वजा. पहिली सुगी चौथ्या फेरीनंतर, मग सातव्या, नवव्या, अकराव्या, तेराव्या आणि चौदाव्या. अंतर कमी कमी होत जातं. नानांनी बोटांवर मोजलं. "ही सुगी नाही बाई, हा सोसायटीचा हप्ता आहे." तेव्हापासून आमच्याकडे त्याला हप्ताच म्हणतात.

त्यांचा एक आक्षेप मात्र खरा होता, आणि मला त्यावर पटकन उत्तर सुचलं नाही. या वावरात पेरलेलं सगळं उगवतं. धान्याचा एक दाणा पेरला की त्यावर आणखी दोन ठेवायचे, दर सुगीला एक हाती येतो. पाऊस दगा देत नाही, बोंडअळी येत नाही, भाव पडत नाही. "मग ह्यात शेतकऱ्याला त्रास तो कशाचा?" मी म्हटलं, "नाना, इथे पाऊस कमी पडत नाही, हात कमी पडतात." ते काही बोलले नाहीत. गेल्या मोसमात कापूस वेचायला माणसं मिळाली नव्हती आणि फुटलेला कापूस पऱ्हाटीवर तसाच लोंबत राहिला होता, हे मला काकूने नंतर सांगितलं. त्या दुपारी ते तिसऱ्या खोलीसाठी लाकूड जमवायला लागले. खोली असल्याशिवाय घरात माणूस वाढत नाही, माणूस वाढल्याशिवाय कामं वाढत नाहीत. पाच लाकडं आणि दोन गवताच्या जुड्या. लाकूड प्रत्येक फेरीला साचत जातं, कुणी उचललं नाही तर ढीग वाढतो. साचलेला ढीग दिसतो सगळ्यांना. तो आत्ता उचलायचा की आणखी एक फेरी थांबायचं, हा मला या खेळातला सगळ्यांत चांगला प्रश्न वाटतो.

पहिल्या दोन डावांत हातातले पत्ते मी वापरलेच नाहीत. ॲग्रिकोलात प्रत्येकाला सात कसबांचे आणि सात छोट्या सुधारणांचे पत्ते मिळतात. सगळा मजकूर इंग्रजीत आणि बारीक. त्यांशिवाय खेळाचा नुसता सांगाडा उरतो, पण चालतं. तिसऱ्या डावाआधी मी पत्ते प्लास्टिकच्या पाकिटात घातले आणि प्रत्येकात मराठी चिठ्ठी सरकवली. हे काम वाटलं त्यापेक्षा लांबलं. आधी मी शब्दकोशातले शब्द लिहिले. 'व्यवसाय' वाचून काकूने विचारलं, दुकान टाकायचं का? 'कसब' हा शब्द तिचा. छपरासाठी लागणाऱ्या बोरूला नानांनी 'छपराचं गवत' म्हटलं, 'चूल' आणि 'गोठा' आपोआप बसले. जी चिठ्ठी मोठ्याने वाचल्यावर कुणी अडखळलं ती फाडून पुन्हा लिहिली. साठएक पत्ते झाले, पुष्कळ बाकी आहेत. मला वाटतं हे काम एकटीने खोलीत बसून करण्याचं नाहीच. जो खेळणार त्याच्या तोंडून शब्द यायला हवा.

रानडुकरांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. खेळात मेंढ्या, रानडुकरं आणि गुरं पाळायची असतात, जो प्रकार तुमच्याकडे नाही त्याचा एक गुण वजा. नानांच्या मक्यात डुकरं शिरली की एका रात्रीत वाफेच्या वाफे लोळवतात. "डुकरं कोन पाळस?" असं म्हणून नानांनी पहिल्याच डावात तो ठोकळा परत केला. तेव्हापासून दर डावात तो एक गुण ते सोडतात. मी समजावायचा प्रयत्न केला नाही. गुरांत मात्र ते सगळे गुण वसूल करतात. एका जातीची दोन जनावरं असली की सुगीला एक पिल्लू, जागा असेल तरच. दोन असोत की पाच, पिल्लू एकच. म्हणून ते जोडी जमली की थांबतात, गोठा आधी वाढवतात.

राहिला तो वजा तीनवाला पत्ता. त्याचं इंग्रजी नाव भिकेवरून आहे. ते मी उच्चारलं आणि नानांनी तिथल्या तिथे सांगितलं, "आपले मांगी खानं नही." म्हणून मी चिठ्ठीवर 'उसनं' लिहिलं. दोन डाव तेच चाललं. मग नाना म्हणाले की उसनं असेल तर ते फेडता आलं पाहिजे. पुढच्या सुगीला दाणे देऊन पत्ता परत करता येतो का? येत नाही. एकदा लागला की शेवटपर्यंत राहतो. मग ते उसनं नव्हे. आत्याने 'खोट' सुचवलं. धंद्यात खोट, माणसात खोट, दोन्ही अर्थ त्यात आले. मी खूश झाले.

यंदाच्या आखाजीला आत्या, नाना, मी आणि नानांचा बारा वर्षांचा नातू असा चौघांचा डाव होता. पाचव्या फेरीत माणूस वाढवायचं काम पटावर आलं. आत्याची तिसरी खोली तयार होती, तिने सहाव्या फेरीत माणूस वाढवला. सातव्या फेरीनंतर हप्ता. तीन माणसं, सहा घास. तिच्याजवळ पाच. चुलीवर घालायला मेंढीही नव्हती. नाना मासे धरायच्या कामाकडे बोट दाखवत होते, तिथे अजून जागा होती, तिच्याकडे शेवटचा माणूसही होता. तिने तो नांगरटीवर ठेवला आणि शांतपणे एक खोट उचलून आपल्या घराशेजारी ठेवली. नाना मान हलवत राहिले. स्वतः त्यांनी आधी चूल, मग धान्य, मग गुरं असं सगळं भरून घेतलं आणि दहाव्या फेरीत तिसरा माणूस आणला. त्यांच्या घरात एक घासही कमी पडला नाही.

आत्याचा तिसरा माणूस सातव्या फेरीपासून चौदाव्यापर्यंत राबला, आठ कामं. नानांचा चार. नातवाने कागदावर गुण मांडले, मी दोनदा तपासले. आत्या ३१, खोट धरून. नाना २७.

नानांनी हात पुढे करून तो पत्ता मागितला. पाकिटातली चिठ्ठी चष्मा लावून वाचली, तिच्या शेताकडे बघितलं, पुन्हा चिठ्ठीकडे. "हाई खोट नही शे," ते म्हणाले.

"मग काय लिहू?" मी विचारलं.

आत्या झोक्याकडे निघून गेली होती. नाना बराच वेळ पत्ता हातात धरून बसले. मी चिठ्ठी काढून घेतली आहे, पाकीट सध्या रिकामं आहे.